आधी उतारा, मग मृत्युपत्र: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी मिळकतीच्या व्यवस्थेचे मार्गदर्शन

माझे वडील वारले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक मृत्युपत्र सापडले. फुलस्केप कागदावर, निळ्या शाईत, स्वच्छ मराठीत लिहिलेले आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या असलेले. शेताचा कोणता तुकडा कोणाला द्यायचा, घराची माडी कोणाची, आईने हयातभर कोठे राहायचे, हे सारे त्यांनी विचारपूर्वक लिहून ठेवले होते. ते घेऊन आम्ही कचेरीत गेलो, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने पहाणीचा, म्हणजे कर्नाटकातील सातबाऱ्याचा, उतारा काढून आमच्यापुढे ठेवला आणि खातेदाराच्या रकान्यावर बोट टेकवले. तेथे कन्नडमध्ये आजोबांचे नाव होते. आजोबांना जाऊन तेव्हा ३१ वर्षे झाली होती, आणि त्या ३१ वर्षांत त्यांचा वारसा कोणी लावलाच नव्हता.

आजोबांच्या वारसांत वडिलांबरोबर माझ्या चार आत्या होत्या. त्यांपैकी दोन निवर्तल्या होत्या आणि त्यांची मुले पुणे, कोल्हापूर व गोव्यात विखुरली होती. वडिलांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येत होते. त्यांनी मात्र सगळ्या शेताचे केले होते. आमच्या घरात भांडण नव्हते, तरीही सर्वांचे दाखले गोळा करून सह्या होईपर्यंत दोन वर्षे गेली. जेथे भांडण असते तेथे हीच गोष्ट दिवाणी न्यायालयात पिढीभर चालते. त्या दोन वर्षांत मला हे पक्के उमगले की मृत्युपत्र ही या कामाची शेवटची पायरी आहे, आणि तिच्याखालच्या पायऱ्या बांधल्याशिवाय ती टिकत नाही. म्हणून खालील कामे मी ज्या क्रमाने करायला हवीत त्याच क्रमाने मांडली आहेत.

ही व्यवस्था कोणासाठी

‘इस्टेट’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाडे आणि बंगले आठवतात, आणि दहा गुंठे जमीन, पतसंस्थेतील ठेव आणि राहते घर एवढेच असलेला माणूस हा विषय आपला नाही असे समजून बाजूला होतो. प्रत्यक्षात अडचण त्याच्याच घरी अधिक होते, कारण खटला लढवण्याइतके पैसे त्याच्या वारसांकडे नसतात आणि दहा गुंठ्यांचे पाच तुकडे पडल्यावर कोणाच्याही हाती उपयोगाचे काही उरत नाही. भारतात मृत्यूनंतरच्या मिळकतीवरील कर १९८५ मध्येच रद्द झाला, त्यामुळे कर वाचवणे हा या व्यवस्थेचा हेतू नाही. आपल्या माघारी कोणाला काय मिळावे हे आपण ठरवावे, आणि जे मिळायचे ते वारसांना कचेऱ्यांचे उंबरे न झिजवता मिळावे, एवढाच हेतू आहे.

आपण काहीच लिहून ठेवले नाही तर कायदा ठरवतो. हिंदू, जैन, लिंगायत, बौद्ध व शीख यांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असेल तर आई यांना समान हिस्से मिळतात. वडिलांचा क्रम त्यानंतरच्या वर्गात लागतो. समजा, खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने स्वकष्टाने चार एकर भातजमीन घेतली आणि तो आई, बायको, दोन मुलगे व एक मुलगी मागे ठेवून वारला. चार एकर म्हणजे १६० गुंठे, वारस पाच, म्हणून प्रत्येकाला ३२ गुंठे. शेत कसणारा धाकटा मुलगा आणि वीस वर्षे मुंबईत राहणारा थोरला यांच्यात कायदा फरक करत नाही. फरक करावा असे वाटत असेल, तर तो हयातीत लिहूनच करावा लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा कायदा पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक नसल्याने होणारा अन्याय मोठा आहे. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर प्रथम मुले व नवरा वारस होतात; पण मुले नसतील आणि नवराही हयात नसेल, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नव्हे. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी अशा वेळी माहेरी परतते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशाच एका विधवेचे प्रकरण आले होते. लग्नानंतर अल्पावधीतच तिचा नवरा वारला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले, माहेरी राहून ती शिकली आणि नोकरी करून पैसे साठवले; तरीही तिच्या माघारी ते पैसे सासरच्यांना द्यावे लागले, कारण कायद्याचे शब्द तसे होते. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, घरी शिवणकाम करून बचत केलेली गृहिणी, अशा प्रत्येक निपुत्रिक स्त्रीने, विशेषतः विधवेने, स्वतःचे मृत्युपत्र करून ठेवावे असे मला कळकळीने सांगायचे आहे. एका पानाचे मृत्युपत्र हा अन्याय टाळू शकते.

पहिली पायरी: वही करा

एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यात असेल ते सारे उतरवा. शेतजमिनीचा गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र एकर-गुंठ्यांत. शहरातील घर असेल तर सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर. बँक, टपाल आणि पतसंस्थांतील खाती व ठेवी. विमा, भविष्यनिर्वाह निधी, शेअर, लॉकर. साखर कारखान्याचा व सोसायटीचा भाग. सोने कोणाचे व कोठे आहे. देणीही लिहा: कृषी पत्तीन संघाचे (गावच्या शेती पतसंस्थेचे) पीककर्ज, सोन्यावरचे कर्ज, भिशी, आणि विशेषतः हातउसने दिले-घेतलेले, कारण त्याचा दुसरा पुरावाच नसतो. वडिलांचे कर्ज मुलांना त्यांच्याकडून आलेल्या मिळकतीच्या मर्यादेतच फेडावे लागते. पण कर्ज आहे हेच माहीत नसेल तर पहिली बातमी बँकेची नोटीस देते.

दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवी नावावरून शोधता येतात आणि वारसांना परतही मिळतात. यादी करताना आपल्या वडिलांच्या व आजोबांच्या नावाने तेथे एकदा शोध घ्यायला हरकत नाही.

दुसरी पायरी: उतारा आपल्या नावावर आणा

याच पायरीवर आमचे घर अडले, म्हणून येथे थोडे थांबतो.

प्रत्येक जमिनीची ताजी पहाणी काढा. मालकाच्या रकान्यात हयात माणसाचे नाव आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, बोजाच्या रकान्यात फेडलेले कर्ज अजून दिसते आहे का, हे पाहा. नाव मृत व्यक्तीचे असेल तर प्रथम वारसा लावून घ्या. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि सर्व वारसांचे ओळखपुरावे घेऊन नाडकचेरीत (तहसीलखालच्या स्थानिक महसूल कचेरीत) अर्ज करावा लागतो. कर्नाटक जमीन महसूल कायद्याप्रमाणे मिळकतीत हक्क आला की तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. आपण ती तीस-तीस वर्षे देत नाही, कारण शेत तर आपणच कसत असतो आणि घाई कसलीच वाटत नाही. तेवढ्यात एका वारसाचे चार होतात आणि चाराचे चौदा. मृतांच्या नावावर राहिलेली खाती वारसांकडे वळवण्यासाठी राज्य सरकारने ‘ई-पौती’ मोहीम हाती घेतली आहे. आपल्या गावी ती आली असेल तर संधी दवडू नका.

वंशावळीत बहिणींची नावे गाळू नका. ‘त्या लग्न होऊन गेल्या, त्यांचे काय’ असे म्हणत मुलांचीच वंशावळ देण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. अशी नोंद पुढे कधीही आव्हान देऊन रद्द होऊ शकते, आणि खोट्या वंशावळीबद्दल फौजदारी कारवाईही होऊ शकते. बहिणीला हिस्सा नको असेल तर प्रथम तिचे नाव लागू द्या आणि मग तिच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. आणि तिला तो हिस्सा खरोखरच नको आहे का, हे एकदा मनापासून विचारा.

नावांचा घोळ हा सीमाभागाचा खास प्रश्न आहे. शाळेचा दाखला मराठीत, पहाणी कन्नडमध्ये, आधार कार्डावर इंग्रजी व कन्नड, आणि नातेवाईक महाराष्ट्रात असतील तर त्यांचे कागद पुन्हा मराठीत. एकाच माणसाचे नाव कोठे ‘यल्लाप्पा’ तर कोठे ‘यल्लप्पा’ असते. कोठे आडनाव आधी येते, कोठे ते गळून नुसते वडिलांचे नाव उरते. स्त्रियांचे तर नावच लग्नात बदलते. माझ्या एका आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर ‘सुशीला’ होते आणि आधारवर ‘लक्ष्मी’. या दोघी एकच आहेत हे पटवून देण्यासाठी प्रतिज्ञापत्र, लग्नपत्रिका आणि गावातील दोन वृद्धांचे जबाब लागले. ती स्वतः समोर खुर्चीवर बसली होती आणि कागदाला तिची ओळख पटत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणून हयात माणसांनी, विशेषतः घरातील वृद्ध स्त्रियांनी, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवावे आणि जेथे शक्य असेल तेथे नाव दुरुस्त करून घ्यावे.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने खरेदीखत किंवा फेरफार नोंद मराठीत असू शकते, आणि आणखी मागे गेल्यास मोडी लिपीत. घरात असे कागद असतील तर ते रद्दीत न टाकता मोडी वाचणाऱ्याकडून त्याचे लिप्यंतर करून घ्यावे. जमीन मुळात कोणी व कशी मिळवली, हे पुढच्या पायरीवर कळीचे ठरते.

चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल तालुक्यात शेत आणि बेळगाव किंवा निपाणीत घर, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना दोन्ही राज्यांत स्वतंत्र काम करावे लागते: तिकडे सातबारा, आठ-अ आणि फेरफार, इकडे पहाणी आणि नाडकचेरी. एका राज्यात वारसा लागला म्हणून दुसरीकडे तो आपोआप लागत नाही. घराच्या बाबतीत ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तू या संगणकीय मिळकत-नोंदीचे ९ व ११ नंबरचे फॉर्म आणि शहरात तशीच नोंद असलेला ई-खाता तयार आहे का हे पाहा, कारण त्यांच्याशिवाय पुढचा कोणताही नोंदणीकृत दस्त अडतो. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: महसुली नोंद हा कब्जा व कर वसुलीचा कागद आहे. तिच्यावरून मालकी अंतिमतः ठरत नाही. वाद झाला तर ते काम दिवाणी न्यायालयाचे असते.

तिसरी पायरी: खरोखर आपले किती, हे ठरवा

मृत्युपत्र आपल्या हिश्श्यापुरतेच चालते. म्हणून मिळकत स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची, हे ठरवल्याशिवाय लेखणी उचलू नये. आजोबांकडून आले म्हणजे वडिलोपार्जित, असा सर्वांचा समज असतो, पण तो सरसकट खरा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले की १९५६ च्या कायद्याखाली वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीचा वारसा मुलाला मिळाला, तर ती त्या मुलाची वैयक्तिक मिळकत होते आणि त्याच्या मुलांना तीत जन्मतः हक्क येत नाही. उलट, १९५६ पूर्वीपासून चालत आलेली आणि कधी वाटणीच न झालेली एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर तीत मुलगे व मुली या सर्वांचा जन्मसिद्ध हिस्सा असतो.

मुलींच्या हक्काबद्दल जुन्या समजुती इतक्या घट्ट आहेत की तारखाच सांगतो. कर्नाटकाने १९९४ मध्ये मुलींना हा हक्क दिला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळले होते. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून तो भेद काढला. वडील त्या तारखेला हयात असणे आवश्यक आहे का, हा वाद ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात विनीता शर्मा प्रकरणात मिटला: तशी आवश्यकता नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी तेवढी अबाधित राहते. त्यानंतरची वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी लागते. तोंडी वाटणी सांगून किंवा नुसती वर्दी देऊन मुलींना डावललेली विभागणी टिकत नाही.

आता वरचाच हिशेब पुन्हा करू. चार एकर जमीन एकत्र कुटुंबाची आहे. घरात नवरा, बायको, दोन मुलगे व एक मुलगी आहे आणि आजी हयात नाही. नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी कागदोपत्री वाटणी झाली असे कायदा धरतो, आणि आपल्या भागात तशा वाटणीत बायकोलाही मुलाइतका हिस्सा असतो. पाच जणांना ३२ गुंठे प्रमाणे. नवऱ्याने चारही एकर धाकट्याला लिहून ठेवले असले तरी त्याचे मृत्युपत्र त्याच्या ३२ गुंठ्यांपुरतेच चालते. मृत्युपत्र नसेल तर ते ३२ गुंठे बायको व तीन मुलांत आठ-आठ गुंठे वाटले जाऊन प्रत्येकाचे ४० गुंठे होतात.

कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर, तसेच अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनीवर हस्तांतराचे विशेष निर्बंध आहेत. त्या जमिनींबाबत वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कोणताही दस्त करू नये.

मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राने साधारणतः एक-तृतीयांशापर्यंतच मिळकत देता येते आणि वारसालाच जास्त द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, आणि त्यांनी लग्नापूर्वी केलेले मृत्युपत्र लग्नाने रद्द होते. लग्नानंतर नवे करावे. गोव्यात सोयरिकी असणाऱ्यांनी तेथील मिळकतीसाठी तेथील वकील गाठावा, कारण गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे आणि तेथे साधारणपणे निम्म्याच मिळकतीबाबत मृत्युपत्र करता येते.

चौथी पायरी: नॉमिनी तपासा

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा कंपनी पैसे त्याच्या हाती देऊन मोकळी होते. तो ते वारसांच्या वतीने स्वीकारतो. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० च्या दशकातच सांगितले आणि शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. विम्यात एक अपवाद २०१५ पासून आहे: आईवडील, नवरा-बायको किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्रातील नाव शक्यतो एकच ठेवा. लग्नाआधी भावाचे नाव घातलेले आणि नंतर कधी न बदललेले, असे फॉर्म मी कितीतरी पाहिले आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यात चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीसह नेमता येतात. पतसंस्थांतील ठेवींचे नॉमिनी मात्र आपण स्वतः शाखेत जाऊन पाहिल्याशिवाय समजत नाहीत. निवृत्त जवान व सरकारी नोकर यांचे कुटुंब-निवृत्तिवेतन नियमांप्रमाणेच मिळते, मृत्युपत्राने ते देता येत नाही; पेन्शन ऑर्डरवर पत्नीचे नाव व जन्मतारीख आधारप्रमाणे आहे एवढे पाहावे.

पाचवी पायरी: कोणता कागद करायचा

मुख्य मार्ग तीन. मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येते आणि हयातीत कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्र त्याच क्षणी मालकी देते. ते नोंदणीकृतच असावे लागते आणि एकदा दिल्यावर सहसा परत घेता येत नाही. वाटणीपत्राने एकत्र मिळकतीचे हिस्से वेगळे होतात. सर्व्हे नंबरचा काही भागच बक्षीस द्यायचा किंवा वाटायचा असेल तर आधी मोजणी होऊन ११-ई नकाशा लागतो, त्याला वेळ लागतो, हे गृहीत धरा. कुटुंबातील बक्षीसपत्राला कर्नाटकात बाजारभावाच्या टक्केवारीऐवजी ठरीव मुद्रांक लागतो. चालू दर उपनोंदणी कार्यालयात विचारावा.

वृद्ध आईवडिलांना माझे सांगणे एवढेच आहे की राहते घर हयातीत बक्षीस देऊ नका. मुलगा कितीही चांगला असला तरी परिस्थिती बदलते, माणसे अकाली जातात, सूनही उद्या अडचणीत येऊ शकते. द्यायचेच असेल तर दस्तात स्पष्ट लिहा की घेणाऱ्याने देणाऱ्यांचा आयुष्यभर सांभाळ करावा आणि देणाऱ्यांना त्या घरात राहण्याचा हक्क राहील. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, ती अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट लिहिलेली नसेल तर तीच गोष्ट सिद्ध करताना वृद्धांची फार दमछाक होते.

सहावी पायरी: मृत्युपत्र लिहिणे

मृत्युपत्राला मुद्रांक कागद लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या माणसाने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात, एवढ्याने ते पुरे होते. साक्षीदार आपल्याहून तरुण, गावात सापडणारे आणि मिळकतीत ज्यांचा काही लाभ नाही असे घ्या, कारण वाद झाला तर त्यांपैकी निदान एकाला न्यायालयात येऊन सांगावे लागते.

भाषा आपली असावी. जी भाषा आपल्याला वाचता येत नाही त्या भाषेतील मृत्युपत्रावर सही केली, तर ‘यांना मजकूर समजलाच नव्हता’ हा पहिला आक्षेप येतो. नोंदणी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, दस्त नोंदणी अधिकाऱ्याला न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सामान्यतः वापरात नसलेल्या भाषेत असेल तरच तो भाषांतराशिवाय नाकारता येतो. बेळगाव जिल्ह्यात मराठी सामान्यतः वापरात आहे, हे सांगायला नको. तरीही पुढे कचेरीत आणि न्यायालयात कन्नड भाषांतर लागणारच, म्हणून ते आत्ताच नीट करून मूळ मराठी मृत्युपत्रासोबत ठेवावे, असा माझा सल्ला आहे. त्याने वारसांचे काम हलके होते आणि मूळ शब्द आपलेच राहतात.

मजकुराची सुरुवात साधी असू द्या: ‘मी, अमुक, वय ६७, राहणार मौजे अमुक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.’ मग मिळकतीचे वर्णन पहाणीतल्याप्रमाणे आणि चतुःसीमांसह द्या. ‘ओढ्याकडचे शेत’ असे लिहून भागत नाही. प्रत्येक व्यक्तीचे पूर्ण नाव लिहा आणि दुसरे नाव असेल तर ‘ऊर्फ’ म्हणून तेही घाला. एखाद्या वारसाला कमी दिले असेल तर कारण दोन ओळींत, कडवटपणा न आणता लिहा: ‘थोरल्याच्या शिक्षणासाठी व घरासाठी यापूर्वीच खर्च केला आहे’ एवढे पुरते. जो घेणार आहे तो आपल्या आधी गेला तर कोणाला, हे लिहा. मुले अज्ञान असतील तर पालक नेमा. सर्व कामे पार पाडणारा एक व्यवस्थापक नेमा. शेवटी हे वाक्य विसरू नका: ‘वर नमूद न केलेली माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत अमुक हिला मिळावी.’ प्रत्येक पानावर सही करा, तारीख व ठिकाण घाला. वय सत्तरीपुढे असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

सक्ती नसली तरी नोंदणी करावी असे मी म्हणेन. मूळ हरवले तर नक्कल मिळते आणि खोटेपणाचा आरोप दुबळा होतो. मजकूर कोणाला कळू द्यायचा नसेल तर मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय नोंदणी कायद्यात आहे. बेळगावकडील स्थावर मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेणे बंधनकारक नाही. बँक ठेवी व शेअर यांसाठी नॉमिनी नसेल तर मात्र न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते.

सातवी पायरी: ठेवणे, सांगणे, बदलणे

मूळ मृत्युपत्र, पहिल्या पायरीची वही, खरेदीखते, वंशावळ आणि नावांची प्रतिज्ञापत्रे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात कौलारू घरातील ट्रंकेतले कागद कसे ओलसर होतात हे सर्वांना ठाऊक आहे. पिशवी कोठे आहे हे बायकोला किंवा नवऱ्याला, व्यवस्थापकाला आणि एका मुलाला सांगा. लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकर दुसऱ्या कोणाच्या तरी नावे सामाईक असावा, नाहीतर मृत्युपत्र आत आणि लॉकर उघडायला मृत्युपत्र हवे अशी कोंडी होते.

लग्न, जन्म, मृत्यू, खरेदी किंवा विक्री झाली की मजकूर पुन्हा वाचा. बदल किरकोळ असेल तर पुरवणी, मोठा असेल तर नवे मृत्युपत्र. दोन्हींना पहिल्याइतकेच दोन साक्षीदार लागतात. जुन्यावर खाडाखोड करू नका.

आमच्या घरी आता दर दिवाळीच्या सुट्टीत, सर्व भावंडे गावी आली की, आई ती पिशवी काढते. ताजी पहाणी छापून आणलेली असते. माझा भाचा कन्नड चांगले वाचतो. तो नावे मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक जण आपले नाव, क्षेत्र आणि हिस्सा नंबर वहीशी ताडून पाहतो. अर्धा तास लागतो. गेल्या खेपेला बहिणीच्या नावातले एक अक्षर चुकलेले त्यातूनच सापडले आणि दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात गेला.